कारखान्याची व्याख्या आणि लहान उद्योगांतील धोका

शिवकालीन राज्यव्यवहारातील अठरा कारखाने ही राज्याची खाती व कोठारे होत. पीलखाना, दारूखाना ही त्यांची नावे आत काय असते यावरून पडली होती. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कायद्याने 'कारखाना' ठरविण्यासाठी मात्र निराळी कसोटी स्वीकारली : आत किती माणसे राबतात.

मुंबईच्या गिरण्यांच्या चौकशीसाठी 1875 साली आयोग नेमला गेला. त्यानंतर आलेल्या 1881 च्या कायद्याने यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि 100 वा अधिक माणसे असणाऱ्या जागेलाच कारखाना मानले. ही मर्यादा 1891 साली 50 वर व 1922 साली 20 वर आली. 1948 च्या कायद्याने यांत्रिक शक्ती असल्यास 10 आणि नसल्यास 20 अशी ती ठरविली. संख्या हजेरीपटावरून मोजता येते. तपासनीसाला हे सोयीचे होते. परंतु या सोयीतून लहान ते निर्धोक, असे एक अनुच्चारित गृहीतक कायद्यात रुजले.

हे गृहीतक किती फसवे आहे, हे गुजरातेतील खंभातच्या अकीक-उद्योगावरून कळते. अकीक घासताना सिलिकायुक्त सूक्ष्म धूळ उडते. ती श्वासावाटे फुप्फुसांत साचून सिलिकोसिस जडतो. त्यावर रोगमुक्त करणारा उपचार नाही. हे काम बहुधा घरांत व छोट्या कार्यशाळांत चालत आले आहे. 1948 च्या कायद्यातील 85 व्या कलमान्वये राज्य शासनास लहान जागांनाही कायदा लागू करता येत असे. परंतु मालक केवळ कुटुंबीयांच्या साहाय्याने काम करीत असल्यास तेही शक्य नव्हते. म्हणजे धूळ जेथे घरातल्या मुलांपर्यंत पोहोचते, नेमके तेथेच कायद्याचे हात बांधलेले राहिले.

2020 साली संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कारखान्याची मर्यादा वाढवून अनुक्रमे 20 व 40 केली. शासनाने अधिसूचित केलेल्या धोकादायक कामांना संख्येची अट लागू नसावी, अशी सोयही तीत आहे. या दोन तरतुदींमागील विचार परस्परभिन्न होत. पहिली माणसे मोजते. दुसरी कामाचे स्वरूप पाहते. लहान उद्योगांतील धोक्याचे मूल्यमापन दुसऱ्या वाटेनेच होऊ शकते. कारण धुळीचा परिणाम कामगारांच्या संख्येवर अवलंबून नसतो.