दुतोंड्या म्हणून मारलेला वाळा आणि सह्याद्रीतला खापरखवल्या



मागच्या रोवणीच्या वेळी धुरा नीट करता करता फावड्याखाली वीतभर तपकिरी काहीतरी वळवळलं. बांधीतल्या बाया ओरडल्या, दुतोंड्या! मी फावडं मारलं. नंतर फोटो जाणकाराला दाखवला तेव्हा कळलं, तो वाळा होता. बिनविषारी, मुंग्या अन् उधईची अंडी खाणारा. म्हणजे आपल्याच कामाचा गडी मी मारला. तेव्हापासून जमिनीखालच्या सापांबद्दल मिळेल ते वाचतो.

सह्याद्रीत असाच एक मातीतला साप आहे, खापरखवल्या. आपल्या अड्याळकडं तो नाही. त्याचं कूळ पश्चिम घाट, दक्षिणेकडचे काही डोंगर अन् श्रीलंका एवढ्यातच आहे. डोकं टोकदार, मातीत घुसायला. कित्येक जातींची शेपटी तिरपी कापल्यासारखी, वर खरखरीत खापर, त्यावर माती चिकटते अन् मागून बीळ बंद होतं. मुख्य खाणं गांडुळं. अंडी घालत नाही, पिल्लं देतो. पावसाळ्यात वर येतो अन् घाटरस्त्यावर गाडीखाली मरतो.

यातल्या एका जातीला १८८८ मध्ये फिप्सनचं नाव दिलं गेलं. हे गृहस्थ मुंबईत वाइनचे व्यापारी. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू करणाऱ्यांपैकी एक.

दुसरी गोष्ट जास्त शिकवणारी आहे. मद्रासच्या वनखात्यातले अधिकारी बेडोम यांनी १८७१ मध्ये दक्षिणेतल्या एका काळ्या खापरखवल्याला नाव दिलं. पुढं दक्षिण महाराष्ट्र अन् गोव्याकडचा काळा सापही तोच समजला गेला. अभ्यासकांनी जुने नमुने काढून पुन्हा तपासले, तेव्हा ही जातच वेगळी निघाली. २०१६ मध्ये तिला पुण्याचे सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांचं नाव मिळालं. ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढणारे, तेच खैरे.

बघा, शिकलेल्या माणसांचीही ओळख कित्येक वर्षं चुकली. पण नमुना जपून ठेवला होता, म्हणून चूक दुरुस्त झाली. आपण मात्र एका क्षणात नाव ठेवतो अन् फावडं मारतो. ती चूक कशी दुरुस्त होणार?

मांडुळाचंही तसंच. ना त्याला दोन तोंडं, ना त्याच्यानं धन सापडतं. तो उंदीर खातो. त्याला पकडणं, विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

मण्यार अन् घोणस आपल्या बांधीत असतातच, म्हणून कोणत्याच सापाला हात लावू नका. दूर सरका, फोटो घ्या, सर्पमित्राला बोलवा. यंदाच्या रोवणीत बायांना मी आधीच सांगून ठेवलं आहे, वळवळलं की फावडं थांबवायचं.

तुमच्याकडं वाळ्याला काय म्हणतात, खाली लिहा.