'सौम्य' हा शब्द का गळाला

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात वाताच्या शिरोरोगाची जी कारणे दिली आहेत, त्यांत ओझे वाहणे आणि मैथुन एकाच यादीत येतात. आजचे वैद्यकही श्रमाने उठणारी आणि संभोगात उठणारी डोकेदुखी शेजारीशेजारीच ठेवते. तेवढ्यावरून चरकांना नेमके हेच दुखणे ठाऊक होते असे म्हणता येणार नाही. तिथे बोलणे वात बिघडण्याचे आहे. इथे प्रश्न आहे तो ऐन क्रियेत, काही सेकंदांत वीज कोसळावी तशा उठणाऱ्या कळेचा. पण तो शेजार खरा आहे, आणि लाजेपोटी आपण तो मोडतो. पोते उचलताना डोके ठणकले हे माणूस चारचौघांत सांगतो, अंथरुणातले मात्र डॉक्टरपासूनही लपवतो.

या दुखण्याच्या आधुनिक नावाची कुळकथा 1932 पासून सुरू होते. फ्रान्सच्या ज्यूल टिनेल यांनी जोर लावताना उठणाऱ्या डोकेदुखीचे वर्णन त्या वर्षी केले. 1968 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रूक यांनी तिला 'सौम्य श्रमजन्य डोकेदुखी' म्हटले, आणि त्यांच्याच लेखात या नावाविरुद्धचा पुरावा आहे. सुरुवातीला मेंदूत काहीच न सापडलेल्या 103 रुग्णांवर त्यांनी किमान तीन वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा 10 जणांत पुढे कवटीच्या आत दोष निघाला. 1976 मध्ये लान्स यांनी संभोगाच्या डोकेदुखीचे हळूहळू वाढणारी आणि एकदम फुटणारी असे दोन प्रकार सांगितले. 1988 च्या डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात श्रमजन्य डोकेदुखीच्या नावात 'सौम्य' होताच. 2004 च्या आवृत्तीत तो जाऊन 'प्राथमिक' आला. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. 'सौम्य' म्हणजे धीर देणे. 'प्राथमिक' म्हणजे दुसरे कारण तपासून वगळले आहे.

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, जिथे रोलिंग मिलच्या भट्ट्या आणि मे महिन्याचे ऊन एकत्र भाजून काढतात, हा फरक जिवाचा आहे. श्रमाची डोकेदुखी उष्णतेत विशेष उठते, हे वर्गीकरणातही नोंदले आहे. म्हणूनच 'लू लागली', म्हणजे ऊन लागले, म्हणून ती सोडून देणे सोपे जाते. कोणी म्हणेल, यांतली बहुतेक दुखणी आपोआप थांबतात, मग रोजंदारीच्या माणसाला सीटी स्कॅनच्या खर्चात का घालायचे? बहुतेक थांबतात हे खरेच, आणि इंडोमेथासिनसारख्या औषधाने पुष्कळांना आरामही पडतो. पण मेंदूवरची फुगलेली रक्तवाहिनी फुटली, तर तीही अशाच कळेने कळवते, आणि पहिल्या खेपेला बाहेरून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. ते रक्त स्कॅनमध्ये सर्वांत खात्रीने दिसते ते पहिल्या सहा तासांत. नंतर पाठीच्या मणक्यातले पाणी तपासावे लागते. म्हणून आग्रह दर ठणक्याला स्कॅनचा नाही, आयुष्यातल्या पहिल्या अशा कळेला त्याच दिवशी स्कॅनचा आहे. आणि कळ काय करताना उठली हे विचारताना डॉक्टरांनी चरकांच्या यादीतली दोन्ही नावे घ्यावीत, म्हणजे रुग्णाला दुसरे स्वतःहून उच्चारावे लागणार नाही.