रिपोर्टमध्ये विषाणू नाही, मग गोळी का?

आपल्या बऱ्याच जणींच्या घरचं कुणी ना कुणी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला कामाला आहे. घाटकोपरहून गावी आलेल्या एका ताईंनी आम्हाला विचारलं, "रक्तात एचआयव्ही सापडत नाही असा रिपोर्ट आलाय. मग गोळी बंद केली तर?" ताईंचं नाव सांगणार नाही. संमतीशिवाय अशी ओळख उघड करायची नाही, असा 2017 चा कायदाच आहे. प्रश्न मात्र सांगायला हवा, कारण त्याचं उत्तर मिळायला शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं लागली.

1970 साली अमेरिकेत हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी दाखवलं, की काही विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतात. एचआयव्ही तेव्हा ठाऊकही नव्हता. तो 1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. शोधणाऱ्यांत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी ही बाई होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

हा विषाणू रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशीत शिरतो, आपला डीएनए बनवतो आणि आपल्या डीएनएत शिवून टाकतो. गोधडीला ठिगळ लावावं तसा. पेशीच्या दोन झाल्या, की ठिगळंही दोन.

हे ठिगळ मोजायचं कसं? पेशीत न शिवलेले तुकडेही असतात. माणसाच्या डीएनएत 'अलू' नावाची एक नक्षी दहा लाखांहून जास्त ठिकाणी येते. शास्त्रज्ञांनी एक टोक त्या नक्षीवर धरलं, दुसरं विषाणूच्या तुकड्यावर. दोन्ही एकाच धाग्यात जवळ असतील तरच यंत्रात मधल्या भागाच्या भराभर प्रती निघतात. नक्षी फार लांब असली तर ठिगळ मोजणीतून सुटतं, आणि फाटकं, निकामी ठिगळही मोजलं जातं. म्हणून नुसत्या आकड्यावर भागत नाही.

1997 मध्ये खरा धक्का बसला. औषधं चालू असून रक्तात विषाणू न दिसणाऱ्या माणसांच्या झोपलेल्या पेशींत जिवंत विषाणू सापडला. साधारण दहा लाख पेशींत एक, पण तेवढीही पुरते. गोळ्या चालू ठेवून हा साठा आपोआप संपायला सत्तरहून जास्त वर्षं लागतील, असा हिशेब पुढे निघाला.

ताईंची व्हायरल लोड तपासणी रक्तात तरंगणारे विषाणू मोजते, शिवलेले नाही. विषाणू न सापडणं ही चांगलीच बातमी आहे. गोळी थांबली, की झोपलेली पेशी जागी होते आणि बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू परत दिसतो.

सरकारी मोफत गोळ्या 1 एप्रिल 2004 पासून सुरू झाल्या. मुंबईत पहिलं केंद्र भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय. उपनगरातल्या माणसाला तेव्हा लोकलने तिथवर जावं लागे.

ताईंना आणखी एक काळजी होती, धाकट्या बाळाची. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे नेहमीची तपासणी फसवते. म्हणून बाळ सहा आठवड्यांचं झालं, की टाचेतले थेंब कागदावर वाळवून पाठवतात आणि त्यात विषाणूचा डीएनए शोधतात. आपल्या देशात ही सोय 2010 पासून आहे. ताईंच्या बाळाचा रिपोर्ट चांगला आला. दीड वर्षाची शेवटची तपासणी बाकी आहे.

जाताना त्यांनी विचारलं, गोळ्यांसाठी दर वेळी घाटकोपरला जायचं का? नाही. जवळच्या एआरटी केंद्रात नाव बदलून घेता येतं. जाताना हिरवं पुस्तक बरोबर न्यायचं.