तीन राजांची नावे कोरलेला हिरा

१/ मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये ८८.७ कॅरेट वजनाचा, पिवळसर छटेचा एक लांबट हिरा जतन केलेला आहे. त्याचे नाव ‘शाह’. त्यावर फार्सी लिपीत तीन राजांची नावे कोरलेली आहेत. त्यांतले सर्वांत जुने नाव अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाचे : हिजरी १०००, म्हणजेच इ.स. १५९१-९२.

२/ हिऱ्यावर अक्षर उमटते कसे? १८१२ मध्ये फ्रीडरिश मोस याने खनिजांची काठिण्यश्रेणी मांडली. ज्याचा ओरखडा दुसऱ्यावर उठतो, ते अधिक कठीण. गारगोटी ७, माणिक व नीलम ९, हिरा १०. हे आकडे केवळ क्रम सांगतात; प्रत्यक्षात हिरा माणकाहून कित्येक पट कठीण असतो.

३/ साध्या धुळीतही गारगोटीचे कण असतात. म्हणूनच मोती, पोवळे यांसारखी मऊ रत्ने रोजच्या वापराने निस्तेज होतात. हिऱ्यावर मात्र धूळ, पोलाद, माणिक यांपैकी कशाचाच ओरखडा उठत नाही.

४/ हिऱ्यावर चालते ती हिऱ्याचीच पूड. हिऱ्याचे काठिण्य सर्व दिशांनी सारखे नसते. पुडीतले कण वाटेल त्या दिशेने पडलेले असल्यामुळे त्यांतल्या काहींची कठीण बाजू हिऱ्याच्या तुलनेने मऊ बाजूला घासते आणि रेघ हळूहळू खोल होते.

५/ अस्सल हिरा घणाखालीही फुटत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. काठिण्य म्हणजे अभंगता नव्हे. ठरावीक प्रतलांवर घाव बसल्यास हिरा दुभंगतो.

६/ १६३६ मध्ये निजामशाही संपली. हिजरी १०५१ मध्ये (इ.स. १६४१-४२) त्याच हिऱ्यावर जहांगीरपुत्र शाहजहानचे नाव कोरले गेले. पुढे हिरा इराणात पोहोचला आणि हिजरी १२४२ मध्ये (इ.स. १८२६-२७) त्यावर फत्ह अली शाह काजारचे नाव आले.

७/ १८२९ मध्ये तेहरानच्या रशियन वकिलातीवर जमावाने हल्ला केला. त्यात वकील व नाटककार ग्रिबोयेदोव मारला गेला. झार पहिल्या निकोलसची नाराजी दूर करण्यासाठी राजपुत्र खुस्रो मिर्झा रशियास गेला, तेव्हा हा हिरा नजर करण्यात आला.

८/ ज्या पुडीने नाव कोरता येते, तिनेच ते घासून काढताही येते. त्यात वजन घटते, इतकेच. तरीही नंतरच्या कोणत्याही धन्याने आधीचे नाव पुसले नाही. त्यामुळे मालकी मिरवण्यासाठी कोरलेली ही अक्षरे आज हिरा किती हातांतून निसटला, याचीच साक्ष देतात.