आडनाव, दत्तक आणि रक्त

डीएनए चाचणीवरून आडनावाचे मूळ शोधण्याची हौस हल्ली वाढली आहे. पित्याचे वाय गुणसूत्र किरकोळ फेरफार सोडले तर पुत्राकडे जसेच्या तसे उतरते. सबब ते आडनावाचीही साक्ष देईल, असा समज आहे. उद्या असा कागद देवस्थानच्या महाजनांपुढे ठेवून एखाद्या घराण्यास कोणी परके म्हणेल, ही आम्हांस धास्ती वाटते.

कुंकळ्ळीचा मनुष्य गाव सोडल्यावरच कुंकळ्ळीकर होतो, आणि तेथून निघालेली भिन्न कुळे तेच आडनाव लावतात. दत्तकाची गोष्ट तर याहून निराळी. आम्ही सयाजीगंजातले, साहजिकच सयाजीराव महाराज आठवतात. कवळाण्याचे हे गोपाळराव १८७५ साली महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसले. ते गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतले खरे. परंतु गादी मिळाली ती दत्तविधानाने.

१९५६ च्या दत्तक कायद्यानेही दत्तपुत्राचे जन्मकुळाशी नाते तुटते. मात्र जन्मकुळात राहता तर जिच्याशी विवाह निषिद्ध ठरला असता, तिच्याशी तो दत्तकानंतरही निषिद्धच राहतो.