आधी कोण, मग कोण? : संगणकातल्या प्रारंभक्रमाचा इतिहास

करमाळ्यात हा विषय मांडायचा, तर उजनीच्या पाण्यापासूनच सुरुवात करू. दहिगाव उपसा सिंचन योजना आपल्याला माहीत आहेच. टप्प्याटप्प्याने पाणी उचलायचं असतं तेव्हा खालचे पंप वरच्या हौदात पाणी टाकतात आणि तिथून पुढचे पंप ते आणखी वर नेतात. पुढचा पंप आधी चालू केला तर? तो कोरडा फिरून खराब होईल. आणि खालचा पंप नुसता चालू होऊनही भागत नाही, हौदात पाणी साचावं लागतं. सॉफ्टवेअरच्या मॉड्यूलचं दुखणं नेमकं हेच आहे. डेटाबेस तयार नसताना त्याच्यावर विसंबलेला भाग सुरू झाला, की तो कोसळतो.

यावर काय काय उपाय झाले, ते बघू.

1970च्या दशकातल्या युनिक्समध्ये सुरुवातीच्या आज्ञा एकाच फायलीत असत. वरची ओळ आधी, खालची नंतर. पुढे 1983च्या सिस्टिम फाइव्हच्या परंपरेत प्रत्येक सेवेची फाइल वेगळी झाली आणि तिच्या नावातच आकडा आला. 20 आधी, 80 नंतर. जावाच्या जगात ओएसजीआयनेही मॉड्यूलना प्रारंभ-पातळीचे आकडे दिले. सोय झाली खरी. पण आकडा क्रम सांगतो, कारण सांगत नाही. 45च का, 50 का नाही? आकडा देणारा माणूस नोकरी सोडून गेला, की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

वास्तविक उत्तर जुनंच होतं. 1962 मध्ये आर्थर कान यांनी रीत मांडली होती : ज्याचं कुणावाचून अडलेलं नाही, त्याला आधी घ्या. त्याला यादीतून काढा. त्यामुळे जे मोकळे झाले, ते पुढचे. शेवटी काही उरलेच, तर ते एकमेकांसाठी अडून बसलेत असं समजा. म्हणजे माणसाने फक्त गरज लिहायची, क्रम यंत्र काढेल.

2010 मध्ये आलेल्या सिस्टिमडीने लिनक्सवर हीच वाट धरली. त्यात 'मला अमुक लागतं' आणि 'मी अमुकनंतर' ही दोन वेगळी विधानं आहेत. नुसती गरज लिहिली, तर दोन्ही सेवा एकदमच सुरू होऊ शकतात! शिवाय 'मी आता तयार आहे' असं सेवेने स्वतः कळवायची सोयही आहे. हौद भरल्याची खूणच म्हणा ना.

या इतिहासातून आपण काय घ्यायचं? क्रम लिहिताना कारण लिहायचं, आणि 'सुरू झालं' म्हणजे 'तयार झालं' असं धरून चालायचं नाही. मध्यरात्री वीज जाऊन आली, तर आपल्यामागून आलेल्या माणसाला तेवढ्याच नोंदीवर सगळं पुन्हा उभं करायचं असतं.