शेजारी निवडता येत नाही, पाण्याची पाळी ठरवता येते : खानदेशच्या फडांचा इतिहास

१/ बांध कोरणारा शेजारी भेटला नाही असा शेतकरी खानदेशात विरळाच. दर नांगरटीला तास दोन बोटे पुढे सरकते, काही वर्षांत बांधाची नुसती रेघ उरते आणि एके दिवशी सरकारी मोजणी मागवावी लागते. इतिहासाच्या ग्रंथांत लढाया असतात, तह असतात. ही दोन बोटे जमीन क्वचितच असते. आजचा धागा तिच्याविषयी आणि त्याहून अधिक तिला लागणाऱ्या पाण्याविषयी आहे.

२/ प्रथम भूगोल. आजचे धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे पूर्वी खानदेश या एकाच जिल्ह्यात होते. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. तापी ही या प्रदेशाची मुख्य नदी. पांझरा थेट तिला मिळते. मोसम आणि आरम यांचे पाणी गिरणेतून तिच्यापर्यंत जाते. आपली गोष्ट या लहान नद्यांच्या काठावर घडते.

३/ शेतातील शेजारी आणि शहरातील शेजारी यांत मोठा फरक आहे. शहरात घर बदलता येते. शेत बदलता येत नाही. शिवाय बापाच्या शेताच्या वाटण्या होत गेल्या की बांधापलीकडचा माणूस बहुधा चुलतभाऊच निघतो. म्हणून मराठीत या भांडणाला ‘भाऊबंदकी’ असे नातलगांच्या नावावरूनच नाव पडले. ज्याच्याशी सकाळी बांधावरून वाद घालायचा, त्याच्याच घरी संध्याकाळी लग्नाला जायचे, अशी ही स्थिती.

४/ मराठेशाहीत असे तंटे गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे जात. साक्षी होत, निवाड्याचा महजर लिहिला जाई. शिवेच्या वादात गावच्या महाराच्या साक्षीला मोठे वजन असे, कारण शीव राखणे हे त्याचे वतनी काम होते. ज्याला गावाने वस्तीबाहेर ठेवले, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरे. हा विरोधाभास लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा उपयोगी पडेल.

५/ परंतु निवाडा हा भांडण झाल्यानंतरचा उपाय. पांझरा, मोसम आणि आरम यांच्या खोऱ्यांतील गावांनी भांडणाची कारणेच कमी करणारी एक व्यवस्था उभी केली. तिचे नाव फड पद्धत. तिची परंपरा तीन-चारशे वर्षांची मानली जाते. तिची रचना पाहिली की ती घडवणाऱ्यांना शेजाऱ्याचा स्वभाव किती बारकाईने ठाऊक होता, ते कळते.

६/ रचना अशी. नदीवर दगडी बंधारा. त्यातून निघणारा पाट, साधारण दोन ते बारा किलोमीटर लांबीचा. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, सारंगातून शेत. जादा पाणी काढून देण्यासाठी सांडवे. पंप नाही, मोट नाही. पाणी उताराने आपोआप धावते. एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या क्षेत्राला थळ म्हणतात आणि थळाचे जे मोठे तुकडे पाडतात, ते फड. एक फड दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत असू शकतो.

७/ पहिला नियम : एका फडात एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता फड यंदा पडीक, हे गाव दरवर्षी मिळून ठरवी. एकाच वेळी पेरणी, एकाच वेळी कापणी. त्यामुळे एकाच्या उसाचे पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात पाझरण्याचा प्रश्न मिटला. एकाचे पीक उभे असताना दुसऱ्याने मोकळ्या रानात गुरे सोडण्याचाही मिटला. पीक फिरत राहिल्याने जमिनीचा कस टिकला आणि ती चिबड होण्यापासून वाचली, हा आणखी एक लाभ.

८/ दुसरा नियम अधिक सूक्ष्म आहे. पाटाच्या तोंडाशी असलेल्या माणसाला पाणी आधी दिसते, शेपटाला असलेल्याला शेवटी. जगभरातील पाटबंधाऱ्यांचा हा मूळ रोग आहे. वरचा म्हणतो, ‘माझी पाळी अजून संपली नाही.’ खालचा म्हणतो, ‘वर कुठेतरी पाणी मुरते आहे.’ हा संशय रात्रीच्या अंधारात वाढतो आणि पहाटे कुऱ्हाडीपर्यंत पोचतो.

९/ फडातील उत्तर असे : शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचेच नाही. ते काम बारेकऱ्याचे. शेतामागून शेत, ठरलेल्या क्रमाने तो पाणी देत जाई. बारे कोणी फोडायचे, हा प्रश्नच उरला नाही; ज्याचा त्यात काही स्वार्थ नाही, अशा माणसाच्या हाती फावडे गेले. शेजाऱ्यावरचा राग आता बारेकऱ्यावरच्या तक्रारीत बदलला आणि ती तक्रार पंचांपुढे मांडण्याची सोय होती.

१०/ बारेकऱ्याबरोबर आणखी माणसे असत. पाटकरी पाटाची देखरेख करी. हवालदार कामावर नजर ठेवी. जागल्या पिकाची राखण करी. मोकाट गुरे आणि चोर या दोहोंपासून. मोबदला बहुधा धान्याच्या रूपात, सुगीनंतर. पीक बुडाले तर राखणदाराचाही वाटा बुडणार, म्हणून राखण मनापासून होई. सगळ्यांवर पंच.

११/ तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसे. फडाफडांत तिचे तुकडे विखुरलेले असत. टंचाईच्या वर्षी गाव एखादा फड कोरडा ठेवी. तो एकट्याच्या नशिबी येत नसे. सगळ्यांचाच थोडाथोडा तोटा होई. ज्याचा तोटा सर्वांबरोबर होतो, त्याला शेजाऱ्याच्या हिरव्या शेताकडे पाहून जळण्याचे कारण उरत नाही.

१२/ चौथा नियम श्रमाचा. पावसाळ्यात पाट गाळाने भरतो. तो साफ करण्याचे काम जमिनीच्या प्रमाणात वाटून घेतलेले असे. प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत एक जण असा असतोच, जो वर्गणीच्या दिवशी नेमका गावाला गेलेला असतो. फडानेही तो गृहीत धरला होता : कामाला आला नाही तर दंड.

१३/ आता महाराच्या साक्षीचा तो विरोधाभास आठवा. फडातील समता ही जमीनधारकांची समता होती. ज्याच्या नावे जमीन नाही, त्याला पाण्यावर हक्क नाही आणि निर्णयात जागा नाही. ज्यांच्या हातांनी दगड रचले आणि गाळ उपसला, त्यांतील अनेकांचे नाव कोणत्याही पाळीत नव्हते. फडाचे कौतुक करताना ही मर्यादा झाकू नये.

१४/ १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. एल्फिन्स्टनने आरंभी पंचायती चालू ठेवल्या. पुढे न्यायालये आली आणि मोजणी आली. १८५२ साली मोजणीचे काम सुरू होताच एरंडोल, सावदा आणि फैजपूर येथे लोकांनी उघड विरोध केला. कारण मुख्यतः साऱ्याचे होते. पण मोजणीने आणखी एक गोष्ट केली : हद्द गावाच्या स्मरणातून निघून नकाशावर गेली.

१५/ मग शेजाऱ्याच्या गुरांचीही व्यवस्था सरकारने हाती घेतली. १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा, म्हणजेच आपला कोंडवाडा. शेतात शिरलेले जनावर धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे. दंडाचे दरपत्रक वाचण्यासारखे आहे : हत्तीला दोन रुपये, उंट किंवा म्हशीला आठ आणे, बैल-गाय-घोड्याला चार आणे, वासरू-गाढव-डुकराला दोन आणे, शेळी-मेंढीला एक आणा.

१६/ त्याच कायद्यात, धरलेले जनावर वाटेत जबरदस्तीने सोडवून नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. चार आण्यांच्या दंडाशेजारी पाचशे रुपयांचा दंड! कायदा करणाऱ्यांना खरी धास्ती कशाची होती, ते यातून दिसते. गुरांपेक्षा गुरांचे मालक अधिक शिंगे उगारत असावेत.

१७/ पुढे १८८२ चा सुखाधिकार कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला. शेजाऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे शांतपणे, उघडपणे, हक्क समजून आणि खंड न पडता वाट वापरली, तर तो हक्क पक्का. परवानगीने वापरली, तर नाही. परिणाम चमत्कारिक झाला. ‘जा बाबा माझ्या शेतातून’ म्हणून गप्प बसणे महाग पडू लागले. भल्या माणसालाही अधूनमधून हरकत घेणे शहाणपणाचे ठरले.

१८/ १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने वहिवाटीची वाट किंवा पाणी अडवल्यास सहा महिन्यांत दावा लावण्याची सोय दिली. आजही तहसील कचेरीत रस्त्याचे दावे याच कायद्याखाली चालतात. सोय खरी आहे आणि दुर्बळाला तिचा आधारही मिळाला. पंचांपुढे ज्याचा आवाज पोचत नव्हता, तो कचेरीत निदान अर्ज तरी देऊ शकला. पण दाव्यात एक वादी असतो आणि एक प्रतिवादी. फडात दोघेही एकाच पाटाचे भागीदार होते.

१९/ या प्रदेशाशी एका मोठ्या अभियंत्याचाही संबंध आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले आणि आरंभीच्या काळात खानदेशात होते. पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे नळीचे काम त्यांनी केले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ‘ब्लॉक पद्धत’ आणली. पाण्याचे क्षेत्र ठरवून देणे, उसाचा हिस्सा मर्यादित ठेवणे, पिकांचा फेर पाळणे, ही तिची सूत्रे. फडाशी तिचे साम्य उघड आहे.

२०/ मग फड मोडले कसे? एका घावाने मोडले नाहीत. नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली : पांझरेवर लाटीपाडा, कानवर मालनगाव, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. नदीचे वाहणे आता खात्याच्या आवर्तनावर ठरू लागले. दुसरीकडे विहीर आणि विजेचा पंप आला. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पाटाच्या गाळाची फिकीर उरली नाही. एकेक खांदा निघत गेला आणि पालखी जड झाली.

२१/ पंपाने स्वातंत्र्य दिले, हे मान्यच करायला हवे. कोणते पीक घ्यायचे, हे गावाला विचारावे लागेना. पण शेजाऱ्याचे भांडण संपले नाही. ते जमिनीखाली गेले. पाटातील पाणी दिसत होते, म्हणून चोरीही दिसत होती. माझ्या बोअरने तुझी विहीर आटवली, हे कोणत्या बारेकऱ्याने सांगायचे? १९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोताच्या पाचशे मीटरांत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. शेतीच्या पाण्यासाठी दोन शेजाऱ्यांमध्ये चाललेली स्पर्धा त्यात फारशी येत नव्हती.

२२/ २००५ साली महाराष्ट्राने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. पाणी वापर संस्था, मोजून पाणी, आतील वाटप सभासदांनी ठरवायचे. जे गावाला ठाऊक होते, ते शासनाने नव्या भाषेत लिहून परत दिले. मात्र कागदावर संस्था नोंदवणे सोपे असते. बारेकऱ्यावरचा विश्वास नोंदवता येत नाही.

२३/ यातून काय घ्यावे? पूर्वीचे लोक भले होते आणि आजचे भांडखोर, हा निष्कर्ष सर्वथा चुकीचा आहे. माणसे भली असती तर जागल्या लागला नसता, दंड लागला नसता. फड घडवणाऱ्यांनी शेजाऱ्याला सुधारण्याच्या फंदात न पडता तो लबाडी करील, आळस करील, संशय घेईल, हे धरूनच नियम रचले. सद्गुणांवर उभारलेली व्यवस्था पहिल्या दुष्काळात कोसळते. दोष ओळखून उभारलेली काही शतके चालते.

२४/ साक्री, पिंपळनेर, सटाणा या भागांत जाणे झाले तर नदीपात्रात जुने बंधारे पाहा. गावातील वृद्धांना पाटकरी आणि बारेकरी हे शब्द विचारा; त्या शब्दांबरोबर कितीतरी भांडणे आणि तितकेच समेट बाहेर येतील. ते टिपून ठेवा. राजांची दफ्तरे सांभाळायला संस्था आहेत. पाण्याच्या पाळ्यांचे दफ्तर अजून बहुतांशी माणसांच्या तोंडी आहे आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत.